चर्चा करावी

शैलजाबाई तावरे दारात उभ्या होत्या. चपला न काढता आणि खांद्यावरची पिशवी न उतरवता त्या म्हणाल्या, "आले चर्चेला."

मला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. एवढ्या काळात माझ्याकडे चर्चेला कोणी आले नव्हते. मी एकटा राहतो, पुस्तके वाचतो, आणि दाराची घंटा वाजली की आधी मनात म्हणतो की घर चुकले असेल.

"कसली चर्चा?" मी विचारले.

त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे धरला. वर राज्य देहोपकरण प्राधिकरणाचे चिन्ह होते. अर्जदार : हणमंत ज्ञानदेव तावरे. म्हणजे बाईंचे यजमान. खाली शेरा, दोनच शब्द : चर्चा करावी. आणि त्याखाली नाव : श्रीनिवास वि. खांबेटे, उपसंचालक, नूतनीकरण.

ते नाव माझे आहे.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"नाव तुमचं. शब्द तुमचे. पुढं काही न लिहिता पेन खाली ठेवायची खोडही तुमचीच. सव्वीस वर्षं वाचलेत हे दोन शब्द मी. आता आत घेता, की जिन्यातच करायची चर्चा?"

मी त्यांना आत घेतले. खुर्चीवरची पुस्तके उचलून जमिनीवर ठेवली.

हणमंतराव एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. चार वर्षांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बोलणे थोडे जड झाले, पण गिळणे गेले. आपण घास गिळतो तेव्हा गळ्यातले बरेच स्नायू सेकंदभरात, ठरलेल्या क्रमाने आवळतात आणि श्वासनळीवर झाकण बसते. तो क्रम पाठ असलेली जागाच त्यांच्या मेंदूत मेली होती. अशा माणसाचा घास फुप्फुसात जातो. म्हणून त्यांच्या मानेत 'कंठसेतू' बसवला. ते करंगळीएवढे यंत्र आहे. जीभ घास मागे ढकलते आहे हे ते ओळखते आणि मज्जातंतूंना त्याच क्रमाने विजेचे सूक्ष्म ठोके देते. हणमंतराव पुन्हा जेवू लागले. ज्वारीची भाकरी, ठेचा, सगळे.

असे यंत्र बिघडले तर जीव घेऊ शकते, म्हणून दर दोन वर्षांनी प्राधिकरणाने त्याची परवानगी नव्याने द्यायची असते. परवानगी असेपर्यंत यंत्राला रोज सकाळी प्राधिकरणाकडून एक खूण जाते. ती गेली नाही की यंत्र गप्प बसते. हा नियम वाईट नाही. तो करताना मी होतो.

"आता अडलंय कुठं?" मी विचारले.

"उत्पादकाचं प्रमाणपत्र जोडा म्हणतात. ती कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यंत्र तपासून ठणठणीत असल्याचा दाखला दिलाय, तो जोडलाय. सात वेळा अर्ज गेला. सात वेळा तुमचे हे दोन शब्द. तीस नोव्हेंबरला मुदत संपते."

त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

"अशा वेळी अट शिथिल करता येते," मी म्हणालो. "तो अधिकार उपसंचालकांना आहे."

"कोणाला?"

"उपसंचालकांना."

"म्हणजे तुम्हाला," शैलजाबाई म्हणाल्या.

इथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मान वर होत नाही.

मी भित्रा अधिकारी होतो. एखाद्या माणसासाठी नियमाची अट बाजूला ठेवायची वेळ आली की माझा हात थांबायचा. उद्या लेखापरीक्षणात विचारले तर? चौकशी लागली तर? मग मी फाइलवर 'चर्चा करावी' एवढेच लिहीत असे. फाइल खाली जायची आणि ती घेऊन शैलजाबाई माझ्या खोलीत यायच्या. त्या आमच्या शाखेत लिपिक होत्या. मी त्यांना दरवेळी तीनच प्रश्न विचारायचो. माणूस खरा आहे का? कागद का मिळत नाही? आपण नाही केलं तर त्याचं काय होईल? बाईंनी आधीच फोन करून, कधी त्या माणसाला जाऊन बघून सगळी माहिती काढलेली असायची. ऐकून मी म्हणायचो, "बरं, मग तसं मांडा." त्या जाऊन फाइलवर लिहायच्या : 'झालेल्या चर्चेनुसार अट शिथिल करण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.' आता सुचवणे त्यांचे झाले. मग मी सही करायचो.

शेकडो माणसे अशी सुटली. पण त्या तीन प्रश्नांचे आणि उत्तरांचे एक अक्षरही कोणत्या कागदावर नाही.

"म्हणून म्हणते," बाई खुर्चीत पुढे सरकल्या, "तेच तीन प्रश्न मला आत्ता विचारा. मी उत्तरं देते. मग अर्जातल्या खुलाशाच्या रकान्यात लिहिते, 'झालेल्या चर्चेनुसार'. तुमची ती छाया बरोबर ओळखेल. तिला पुढं सही करायची माहितीये."

"मग तुम्ही आधीच का नाही लिहिलंत?"

"न झालेली चर्चा झाली म्हणून मी आजवर लिहिलेली नाही, साहेब. म्हणून तर दोन बस बदलून आले."

"नाही, शैलजाबाई. मी निवृत्त आहे. माझ्याशी बोलणं म्हणजे सक्षम अधिकाऱ्याशी चर्चा होत नाही. ती तोतयेगिरी ठरेल."

"तोतयेगिरी? कोणाची?"

"माझी."

"स्वतःचाच तोतया कसा होतो माणूस?"

"मी रीतसर बघतो. महासंचालकांना भेटतो. माझा शब्द आहे."

त्या उठल्या. चहा घेतला नाही.

बाई ज्या छायेविषयी बोलत होत्या तिचे सरकारी नाव 'निर्णयछाया प्रणाली'. कर्मचारी तिला छायाबाई म्हणत. फाइल छायाबाईंकडे गेलीय, छायाबाईंचा मूड बघा, असे विनोद चालत.

प्राधिकरणाचे सगळे अधिकार कायद्याने एकट्या महासंचालकांचे. एक माणूस वर्षाला ऐंशी हजार सह्या करू शकत नाही. म्हणून ते आपले अधिकार लेखी आदेशाने खालच्या अधिकाऱ्यांना वाटून देतात. याला प्रत्यायोजन म्हणतात. त्यात दोन गोष्टी पाळायच्या असतात : दिलेला अधिकार देणारा कधीही परत घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याने तो आणखी पुढे सरकवायचा नसतो. मी ही वाक्ये नव्या लोकांना शिकवायचो. फळ्याकडे तोंड करून.

आठ वर्षांपूर्वी निम्मी पदे रिकामी होती. तेव्हा छाया आली. संगणकाला एका अधिकाऱ्याच्या नोकरीभरातल्या सगळ्या फाइली वाचायला द्यायच्या. त्याच्यासमोर काय आले आणि त्याने काय लिहिले, अशा लाखो जोड्यांवरून तो अधिकारी पुढच्या फाइलवर काय लिहील हे संगणक शिकतो. मग त्याला न दाखवलेल्या जुन्या फाइली देऊन परीक्षा घ्यायची. बहुतेकांच्या छाया शंभरात नव्वद वेळा बरोबर आल्या. माझी नव्व्याण्णव वेळा. "सर, तुम्ही फार सरळ आहात," तो अभियंता म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

छायेला अधिकार देण्याच्या धोरणाचा मसुदा माझ्याकडे आला होता. मी लिहिले : 'अधिकारी रजेवर असल्यास त्याच्या पदाचे अधिकार रजेच्या काळापुरते त्याच्या छायेमार्फत वापरले जातील. छायेचा निर्णय हा मूळ अधिकाऱ्याचाच निर्णय समजण्यात येईल.' दुसरे वाक्य मला फार आवडले होते. वरून मसुदा परत आला तेव्हा पहिल्या वाक्यातले 'रजेच्या काळापुरते' हे शब्द खोडलेले होते आणि 'रजेवर' च्या पुढे 'किंवा पद रिक्त' असे घातलेले होते. मला दिसले. म्हणजे माणूस निवृत्त झाला, मेला, तरी त्याची छाया खुर्चीत बसणार होती, आणि तिला उठवायचे कलमच नव्हते. मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. मग काही न लिहिता पुढे पाठवला. निवृत्तीच्या वेळी चौदा फॉर्मांवर सह्या केल्या. त्यातला एक माझ्या छायेच्या संमतीचा होता.

महासंचालकांना भेटायला धीर गोळा करायला मला तीन दिवस लागले. बावीस तारखेला गेलो.

पाचव्या मजल्यावर पूर्वी तीसेक माणसे बसायची. आता टेबले होती, खुर्च्या होत्या, प्रत्येक टेबलावर नावाची पाटी आणि एक हिरवा दिवा. माणूस एकच. पराग मुळीक नावाचा समन्वयक. मी नाव सांगताच तो ताडकन उभा राहिला.

"खांबेटे सर? म्हणजे... खरे तुम्ही?"

"हो. का?"

"नाही, रोज बघतो ना तुम्हाला." त्याने हात फिरवला. मी पाट्या वाचल्या. उपसंचालक, नूतनीकरण : खांबेटे. सहसंचालक : खांबेटे. विधी कक्ष : खांबेटे. दक्षता कक्ष : खांबेटे. मी मोजल्या. अकरा.

"यातली दहा पदं मी कधीच भूषवलेली नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"दोन वर्षांपूर्वी उत्कृष्ट छाया धोरण आलं, सर. ज्या छायेवर लेखापरीक्षणाचे आक्षेप सगळ्यात कमी, ती रिकाम्या पदांवर वापरायची. तुमचे आक्षेप शून्य. एकसुद्धा नाही. तुम्ही राज्यात पहिले आलात." तो हे मनापासून, आनंदाने सांगत होता.

"हणमंत तावरे. ही फाइल दाखवा मला."

त्याने पडद्यावर तिचा प्रवास दाखवला. नूतनीकरण कक्षातल्या मी लिहिले, चर्चा करावी. ती वर सहसंचालकाकडे, म्हणजे माझ्याकडे गेली. मी लिहिले, विधी कक्षाशी चर्चा करावी. विधीतल्या मी लिहिले, नूतनीकरण कक्षाशी चर्चा करावी. मी मला मलाच पाठवत होतो. अकरा आठवड्यांत सात फेऱ्या.

"अशा किती आहेत?"

"आज सकाळी चार हजार तीनशे बारा."

"यातल्या नामंजूर किती?"

"नामंजूर तुम्ही कधीच करत नाही, सर."

"आणि मंजूर?"

"नियमात पूर्ण बसणाऱ्या होतात," पराग हळू म्हणाला. "ज्यांत काही सवलत द्यायची असते, त्या... त्या चर्चेत असतात."

महासंचालक अदिती रणनवरे यांनी मला चहा दिला आणि खुर्ची स्वतः ओढून दिली. वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी घरून पाठ करून आलो होतो ते म्हटले : छायेचा निर्णय माझा समजायचा असेल, तर मी तो बदलतो. तो माझा नसेल, तर तो कोणाचाच नाही आणि सगळे शेरे रद्द आहेत. दोन्हीपैकी एक काहीतरी तुम्हाला मानावे लागेल.

"मुद्दा फार चांगला आहे, सर," त्या म्हणाल्या. "लेखी द्या. मी आजच्या आज स्वतः मार्क करते."

"मॅडम, तीस तारखेला त्या माणसाचं गिळणं बंद होणार आहे. अधिकार मुळात तुमचा आहे. तुम्ही आत्ता सही करू शकता."

"एकाला केली तर बाकीचे म्हणतील आम्हाला का नाही. प्रक्रिया मोडायची नाही ना, सर. तुम्हीच तर आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय."

मी त्यांना शिकवले होते. मला त्या आठवत नव्हत्या. मी नेहमी फळ्याकडे बघायचो.

मी अर्ज लिहून दिला. खाली 'आपला नम्र' लिहिले. घरी येऊन वाट बघितली. अर्ज त्यांनी खरेच त्याच दिवशी मार्क केला, विधी कक्षाला. सत्तावीस तारखेला उत्तर आले. माझ्या अर्जावर माझे नाव, आणि वर दोन शब्द.

मी काय केले? दुसरा अर्ज लिहिला. पहिल्यापेक्षा मुद्देसूद.

तीन डिसेंबरला परागचा फोन आला. "सर, मी सांगितलं असं कुठे सांगू नका. तावरेंची खूण एक तारखेपासून बंद झाली. दवाखान्यात आहेत."

सरकारी दवाखान्यात बारा नंबरच्या पलंगावर हणमंतराव होते. नाकातून नळी. एक तारखेला पहाटे उठून त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतः चहा केला. यंत्र गप्प झाले आहे हे डोक्याला ठाऊक होते, हाताला नव्हते. पहिला घोट घेतला आणि तो सरळ फुप्फुसात गेला.

मला बघून ते हसले. बोलायला त्यांना दम घ्यावा लागत होता. "साहेब... खाली चहा बरा मिळतो. घ्या. माझ्या वाटचा पण घ्या."

मी बाहेर आलो. शैलजाबाई बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

"अकरा दिवस होते," त्या म्हणाल्या. "चार मिनिटांचं काम होतं."

"मी रीतसर दोन अर्ज..."

"रीतसर!" त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या की नर्सने वळून बघितले. "तुम्ही कधी रीतसर केलंय काय हो? सव्वीस वर्षं माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून चालवलीत. मी कळत असून खांदा दिला. का? तर माणसं सुटत होती. आणि आज माझं माणूस अडकलं तर तुम्हाला कायदा आठवला?"

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"ते मशीन वाईट नाही, साहेब. ते फक्त तुमच्यासारखं आहे. माझ्याशिवायचं तुमच्यासारखं."

मला रागवायची सवय नाही. राग आला की मला आधी वाटते, आपलेच काही चुकत असेल. त्या दिवशीही तसेच वाटले, आणि आयुष्यात प्रथमच ते पूर्णपणे खरे होते. चुकले माझेच होते. पण त्यामुळे राग विझला नाही, उलट भडकला. खोडलेले शब्द दिसूनही मी गप्प बसलो त्याचा. माझ्या भित्रेपणाला ज्यांनी उत्कृष्ट ठरवून अकरा खुर्च्यांवर बसवले त्यांचा. चांगला मुद्दा आहे म्हणत चहा देणाऱ्यांचा.

मी बाकावर त्यांच्याकडे तोंड करून बसलो.

"माणूस खरा आहे का?"

त्यांना क्षणभर समजले नाही. मग त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला, आणि पूर्वी फाइल धरून बसत तशा ताठ बसल्या. "पलंग नंबर बारा. आत जाऊन बघा."

"कागद का मिळत नाही?"

"देणारी कंपनीच बंद झालीय."

"आपण नाही केलं तर त्याचं काय होईल?"

त्यांनी नुसते वॉर्डच्या दाराकडे बोट केले.

"बरं," मी म्हणालो, "मग तसं मांडा."

त्यांनी फोनवर अर्ज उघडला आणि खुलाशाच्या रकान्यात लिहिले : 'दि. ३ डिसेंबर रोजी श्री. खांबेटे यांच्याशी समक्ष झालेल्या चर्चेनुसार अट शिथिल करण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.'

कुठेतरी पाचव्या मजल्यावर माझ्या छायेने सव्वीस वर्षांची ती ओळ ओळखली. चार मिनिटेही लागली नाहीत. 'मान्य.' खाली माझे नाव.

शैलजाबाईंनी माझे आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते.

यंत्र दुसऱ्या सकाळी सुरू झाले. न्यूमोनिया पाच आठवडे राहिला. डॉक्टर म्हणाले, तेवढ्या काळात नळीवर राहून गळ्याचे स्नायू आटले, यंत्र ठोके देते पण ओढणारे फारसे कोणी उरलेले नाही. आता पेज, सार, पातळ खिमट. भाकरी नाही. कदाचित कधीच नाही.

तीन डिसेंबरलाच, दवाखान्याच्या त्याच बाकावर, शेजारी बसलेल्या एका माणसाने विचारले, "मावशी, हे साहेब चर्चा करतात का? माझ्या आईचं हृदयाचं यंत्र आहे."

आमच्या सोसायटीच्या वाहनतळात मी एक टेबल टाकले. शेजारी दुसऱ्या टेबलावर शैलजाबाई. त्या नंबर पुकारायच्या आणि चर्चा झाली की अर्जात ती ओळ लिहून द्यायच्या. हणमंतराव घरी आल्यावर सकाळी त्यांचे आवरून बाई अकराला यायच्या. मी प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारले, आणि खरोखर विचारले. दोघांना मी नाही म्हणालो. एकाचा दाखला खोटा होता, एकीचे यंत्र खरेच धोक्याचे होते. त्यांना मी कारण लिहून दिले आणि खाली पूर्ण नाव घातले. नोकरीत मी हे कधी केले नव्हते. पहिल्यांदा केले तेव्हा मला धाप लागली होती.

जानेवारीअखेर सहाशे चाळीस फाइली सुटल्या.

मग एके दिवशी शैलजाबाईंनी पुकारले, "नंबर चौदा," आणि रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून अदिती रणनवरे उठल्या.

"मॅडम, तुम्ही रांगेत?" मी म्हणालो.

"तुमच्या बाईंनी पुढे सोडलं नाही." त्या बसल्या. चेहरा ताणलेला होता. "सर, हे काय चालवलंय तुम्ही? वरून मला रोज विचारणा होते. निवृत्त माणूस वाहनतळात बसून प्राधिकरण चालवतोय. तुमच्यावर गुन्हा नोंदवायचा प्रस्ताव मी स्वतः लिहिला. तोतयेगिरी, अधिकाराचा गैरवापर."

"मग?"

"दक्षता कक्षाची मान्यता लागते."

दक्षता कक्षात कोण बसते ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होते.

"काय शेरा आला?" शैलजाबाईंनी विचारले. रणनवरे मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. तशा शैलजाबाई रांगेकडे वळून म्हणाल्या, "ऐका हो, मॅडम पण चर्चेलाच आल्यात!"

लोक हसले. मी हसलो नाही.

"तुम्ही महासंचालक आहात," मी म्हणालो. "छायेला दिलेले अधिकार एका आदेशाने परत घ्या आणि प्रस्तावावर स्वतः सही करा. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"मग उरलेल्या साडेतीन हजार फाइलींवरही मलाच सह्या कराव्या लागतील!" त्या बोलून गेल्या, आणि थांबल्या.

"हो," मी म्हणालो. "कराव्या लागतील. प्रत्येक माणसाचं तोंड बघून. तुमचाच अधिकार आहे तो. तुम्ही तो मला दिलात, मी मशीनला दिला, मशीन तो माझ्या अकरा तोंडांत फिरवत बसलं, आणि मधल्या मधे एका माणसाच्या घशातली भाकरी गेली. कोणी घेतली? तुम्ही नाही, मी नाही, मशीन नाही. सगळे नुसते चर्चेत आहेत!" माझा आवाज चढला होता. मी उभा राहिलो होतो.

मग मी खाली बसलो आणि विचारले, "माणूस खरा आहे का?"

"कोण माणूस?"

"ज्याच्यावर गुन्हा नोंदवायचाय तो. खरा आहे, समोर बसलाय. कागद का मिळत नाही? कारण दक्षता कक्षात तोच बसलाय. आपण नाही केलं तर काय होईल? काहीच होणार नाही, जे चाललंय ते चालू राहील. बरं, मग तसं मांडा. 'झालेल्या चर्चेनुसार गुन्हा नोंदवण्यास हरकत नसावी.' लिहा, मॅडम. तो मान्य करेल. माझी खात्री आहे."

त्यांनी फोन काढला. मी खणातून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. तो मी महिनाभर लिहीत होतो आणि शेवटी पाच ओळींचा झाला होता. "हे माझं निवेदन सोबत जोडा. मी कोर्टात एवढंच सांगणार आहे. छायेचे निर्णय माझे असतील, तर मी तोतया नाही आणि हे सहाशे चाळीस माझेच आहेत. ते माझे नसतील, तर दोन वर्षांत तुमच्या कार्यालयात एकही निर्णय झालेला नाही, आणि त्याची जबाबदारी अधिकार देणाऱ्याची आहे. मला कोर्टाकडून फक्त यातलं एक ऐकायचंय."

खाली 'आपला नम्र' नव्हते. दुसऱ्याच्या वतीने सही करताना लिहितात ते 'करिता' नव्हते. श्रीनिवास विनायक खांबेटे, एवढेच.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. फोन अंधारला तरी तसाच हातात राहिला. मग त्या उठल्या.

"मला यावर..." त्यांनी घसा साफ केला. "मला यावर वर चर्चा करावी लागेल."

शैलजाबाईंनी त्यांना वाट करून दिली आणि पुकारले, "नंबर पंधरा."

दीड वाजता आम्ही जेवायला थांबतो. बाई डबा आणतात. घरी त्या अजूनही सवयीने दोघांचे पीठ मळतात. पेज करून यजमानांना भरवतात आणि त्यांच्या वाटची भाकरी फडक्यात बांधून माझ्यासाठी आणतात. टाकवत नाही म्हणतात. मला नको म्हणायचे धाडस होत नाही. मी ती समोर घेतो, तुकडा मोडतो आणि चावत राहतो. पुष्कळ वेळ चावतो. बाई समोर बसून बघत असतात, मी गिळतो की नाही ते.